जुनी लष्करी रायफल घेण्यापूर्वी

अपशिंग्यासारख्या फौजी गावांमुळे साताऱ्यात '३०३' या जुन्या लष्करी रायफलीचे आकर्षण फार आहे. परंतु लष्करी काडतुसाची ती रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून आपण तिच्याच ली-एनफिल्ड धर्तीच्या यंत्रणेवर बेतलेली, सरकारी आयुध निर्माणीची .३१५ बोअर (नळीच्या आतील व्यासाचे माप) रायफल पाहावी. लाकडी दस्त्याच्या चकाकीला भुलू नये (विक्रेते पॉलिश मनापासून करतात). नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा) झिजले वा गंजले असतील आणि बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा) क्रमांक रायफलशी जुळत नसेल, तर किंमत निम्मी झाली असे मी मानतो. फेरविक्रीत नफ्याची आशा धरू नये, कारण गिऱ्हाईक परवानाधारकच हवे, विक्रीची लेखी सूचना ४५ दिवस आधी द्यावी लागते आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात.