आधी कविता, मग कादंबरी

प्रश्न : मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ वाचली. त्या कविताही लिहितात म्हणे. कादंबऱ्या गाजल्यावरची हौस का ही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नेमकं उलट. १९६१ साली, टोरोंटोत शिकत असताना, ‘डबल पर्सेफनी’ ही सात कवितांची पुस्तिका त्यांनी हाताने खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून छापली. पेटीत ‘ए’चे खिळे कमी. त्यामुळे एक कविता छापून झाली की जुळणी मोडायची, खिळे परत खणात टाकायचे, मग पुढची घ्यायची. मुखपृष्ठ लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरलेलं, प्रती दोन-अडीचशे, किंमत ५० सेंट. ‘द सर्कल गेम’ या संग्रहाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला तो १९६६चा, आणि तोही कवितेसाठी, तोवर त्यांची एकही कादंबरी बाजारात नव्हती. लिहून मात्र झाली होती. ‘द एडिबल वूमन’चं हस्तलिखित १९६५चं, पण ते प्रकाशकाकडेच कुठेतरी गहाळ झालं आणि पुस्तक यायला १९६९ उजाडलं. आणि हो, ‘हँडमेड’ (१९८५) बुकरच्या अंतिम यादीपर्यंतच पोचली. बुकर मिळालं ते २००० साली ‘द ब्लाइंड असॅसिन’ला, पुढे २०१९ साली ‘द टेस्टमेंट्स’ला, तेही ब्रिटिश लेखिका बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्यासोबत विभागून.

प्रश्न : अ‍ॅटवुड यांच्या ‘पॉवर पॉलिटिक्स’ या कवितासंग्रहाच्या सुरुवातीची चार ओळींची कविता मराठीत करून पाहिली. शब्द सगळे बरोबर, तरी सपाट का वाटते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण तिथले दोन शब्द दुहेरी आहेत आणि मराठीत दोन्ही फुटतात. ब्लाउजचं हूक ज्या कडीत अडकतं, त्या कडीला इंग्रजीत ‘आय’, म्हणजे डोळाच म्हणतात. पहिल्या दोन ओळींत तू माझ्यात असा चपखल बसतोस, हूक कडीत बसावं तसा, हे लाडाचं बोलणं. पुढच्या दोन ओळींत तेच हूक मासे पकडायचा गळ होतं आणि डोळा खराखुरा, उघडा. सगळी मिळून १६ शब्द. मराठीत हूक वेगळं, गळ वेगळा. कडी वेगळी, डोळा वेगळा. चार शब्द झाले की दचका संपला. तळटीप देऊन तो परत येत नाही.

शब्द सोडा आणि आपल्याकडची अशी जोडी शोधा, जिचा पहिला अर्थ घरगुती आणि दुसरा जीवघेणा. मंगळसूत्राचा फासा घ्या. तो कडीत नीट बसतो, आणि एक काना काढला की फास उरतो. यात उघडा डोळा हातचा जातो, आणि तो तोटा मोठा आहे. लग्नाचा संदर्भही नको तितका ठळक होतो. पण वळण वाचतं. दोन पथ्यं पाळा : शेवटच्या दोन ओळींत क्रियापद आणू नका, मूळातही नाही, आणि ‘जणू’, ‘सारखा’ एकदाच, पहिल्या भागात.

वहीत करा तितके खर्डे. छापायचा झाला तर मात्र आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या.