बाभळीचं शास्त्रीय नाव पुस्तकात अकेशिया निलोटिका आणि नेटवर व्हॅचेलिया निलोटिका, बरोबर कुठलं?

दोन्ही एकाच झाडाची नावं आहेत, आत्ताचं व्हॅचेलिया. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने 1753 ला तर तिला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं, म्हणजे लाजाळूच्या गोतावळ्यात बसवलं होतं बघा! नावातला पहिला शब्द म्हणजे प्रजाती (जीनस), आडनावासारखा समजा, संशोधन पुढे गेलं की तो बदलू शकतो, पण दुसरा शब्द, निलोटिका म्हणजे नाईलकाठची, तो शक्यतो तसाच ठेवायचा असा नियम आहे.

झालं असं की अकेशियात हजारावर झाडं कोंबलेली होती आणि डीएनए बघितल्यावर कळलं की ही सगळी एका घरातली नाहीतच. मग फोड केली. आता प्रजाती फुटली की मूळ नाव ज्या नमुना झाडाला धरून दिलेलं असतं त्याच्याकडेच राहतं, आणि गंमत म्हणजे ते नमुना झाड आपली बाभळच होती, पण ऑस्ट्रेलियातली झाडं संख्येने इतकी जास्त की 2005 ला व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र काँग्रेसमध्ये नमुनाच बदलून नाव त्यांना दिलं, त्यावर बरीच भांडणं झाली आणि 2011 ला मेलबर्नला ते कायम झालं. मला विचाराल तर बाभळीवर अन्यायच.

खैराचं झाड पण अकेशियातून गेलं, ते आता सेनेगालिया. फरक शेतात पण दिसतो, बाभळीचे काटे सरळ, लांब, जोडीने, आणि फुलं पिवळ्या गोंड्यासारखी गोल, खैराचे काटे आखूड, वाकडे, शर्ट धरून ठेवणारे आणि फुलांचे लांब तुरे.

परीक्षेला मात्र पुस्तकातलंच लिहा.