स्वतःचे धड नसताना दुसऱ्यांची पोरे पळवणारी मुलगी

“मॅडम, हिचं स्वतःचंच अजून धड न्हाई, आणि ही दुसऱ्याची पोरं पळवत बसल्या,” अशी तक्रार घेऊन शिरोळ तालुक्यातील एक आई माझ्या कोल्हापुरातील समुपदेशन केंद्रात आली. हीच काळजी वेगवेगळ्या शब्दांत अनेक पालक मांडतात, म्हणून ओळखीचे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलीला मी आधीपासून ओळखत होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घराच्या भिंती बसल्या आणि कुटुंब शहरात मामाच्या एका खोलीत राहायला आले, तेव्हा आठशे मीटर धावणाऱ्या या मुलीने पळणे सोडले होते. जानेवारीतही ती दिवसातून चार-पाच वेळा मोबाइलवर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहत असे; ४३ फूट ही धोक्याची पातळी तिच्या डोक्यात रुतून बसली होती. तिला लवकर स्पर्धेत उतरवण्याचा माझा सल्ला चुकला, कारण धाव सुरू होण्याआधीच तिला उलटी झाली. त्यानंतर घड्याळ न लावता रंकाळा तलावाला फेरी मारायची आणि वाटेत काय दिसले तेवढे मला सांगायचे, इतकेच ठरवले. लॉकडाऊनचे महिने धरून पुन्हा स्टॉपवॉच हातात घ्यायला तिला दीड वर्ष लागले. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली तेव्हा ती घाबरली, पण पळणे सुटले नाही.

पुढे कुटुंब गावी परतले. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर पडल्या, आणि त्यांतल्या शाळा सुटलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना ती संध्याकाळी रिले शिकवू लागली. बॅटन म्हणून पाचट सोलून काढलेले उसाचे कांडे होते, आणि शर्यत संपली की ते कोणी खायचे यावर भांडण होई.

टेगला लोरूप या केनियन धावपटूने १९९४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली आणि पुढे केनियातील काकुमा छावणीतल्या निर्वासित तरुणांना सरावासाठी आधार दिला. त्यांपैकी पाच जण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील निर्वासित संघात धावले. अशी उदाहरणे मी जपूनच देते, कारण दुखावलेल्या मुलाला ती ओझ्यासारखी वाटतात. त्यामुळे आईला ते न सांगता मी मुलीलाच विचारले, की एखाद्या संध्याकाळी गेली नाहीस तर काय वाटते? ती म्हणाली, “पोरं म्हणतील, ही बी गेली.”

काम करायचे होते ते या भीतीवर. मदत थांबवण्याची गरज नव्हती. आठवड्यातून तीनच संध्याकाळी कोप्यांवर जायचे, न येण्याचा दिवस मुलांना आधी सांगायचा आणि सकाळचा स्वतःचा सराव कोणासाठीही मोडायचा नाही, असे आम्ही ठरवले. हंगाम संपला की टोळी जाणार, हेही तिच्याशी आधीच बोलून ठेवले.

टोळीचे ट्रॅक्टर निघाले त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर तासभर रडली. आईला ते २०१९ सारखेच वाटले. पण ती रात्री झोपत होती, सकाळी पळत होती, आणि बंधाऱ्याची पातळी तिने कित्येक आठवड्यांत पाहिली नव्हती.