अमेरिकेत शिकायला जातोय, तिथे वायफायवर चालणारं स्वस्त मोबाइल कनेक्शन घेऊन बघावं का?

हो, घेऊन बघा, पण राहत्या घराचं आणि विद्यापीठाचं वायफाय दमदार असेल तरच. या कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. कॉल आणि डेटा जमेल तेवढा वायफायवरून जातो, बाकीचा मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या नेटवर्कवरून, म्हणून बिल कमी येतं. रिपब्लिक वायरलेसने 2011 मध्ये महिना 19 डॉलरला हीच कल्पना आणली होती. 2021 मध्ये डिश या अमेरिकी सॅटेलाइट टीव्ही कंपनीने ती विकत घेतली. आज 2015 पासून चालू असलेलं गूगल फाय आहे, आणि घरी एक्सफिनिटीचं (कॉमकास्ट कंपनीचं) इंटरनेट असेल तर त्यांचं मोबाइल कनेक्शन. मी असंच कनेक्शन वापरतो. अडचण येते ती दारात: बोलत बोलत बाहेर पडलं की वायफायच्या शेवटच्या दांडीवर आवाज तुटतो, कधी कॉलच कटतो. नोकरीच्या मुलाखतीचा फोन एका जागी बसूनच घ्या. भारतातून नेलेला फोन कंपनीच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत आहे का, हे सिम घेण्याआधी तपासा. आणि एक गोष्ट अजिबात टाळू नका: वायफाय कॉलिंग सुरू करताना 911 साठी, म्हणजे तिथल्या आपत्कालीन मदतीच्या नंबरसाठी, पत्ता भरावा लागतो. खोली बदलली की त्याच दिवशी तो बदला, नाहीतर मदत जुन्या पत्त्यावर जाऊ शकते.