सुभेदार मेजर हे मेजर नव्हेत

प्रश्न असा आला आहे: गावातले एक निवृत्त सुभेदार मेजर सत्काराला येणार आहेत. पत्रिकेत 'मेजर' छापायचं की 'सुभेदार'? आणि समोर उभे राहिले की हाक काय मारायची?

'मेजर' छापू नका. ही चूक मी इतक्या वेळा वाचतो आणि ऐकतो की आता चीड येते. बातमीच्या पहिल्या ओळीत 'सुभेदार मेजर' आणि तिसऱ्या ओळीत नुसतं 'मेजर'. लिहिणाऱ्याला वाटतं, खरं पद मेजर, सुभेदार हे काहीतरी आडनाव. नाईक या पदाचीही तीच गत होते. १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांच्या नावातलं 'नाईक' हे पद आहे, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

मेजर हा कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, घेतलेला अधिकारी असतो. सुभेदार मेजर शिपाई म्हणून भरती होऊन, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशा पायऱ्या चढून वर आलेला असतो, आणि पलटणीत तो एकच असतो. गोंधळाला थोडं निमित्त खांद्यावरच्या चिन्हांनीही दिलं आहे, कारण राजमुद्रेतले सिंह दोघांच्याही खांद्यावर असतात. सुभेदार मेजरांच्या खांद्यावर मात्र सोबत रंगीत फीत असते. ती पाहायला शिका.

सुभेदार म्हणजे सुभ्याचा अधिकारी, हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलं आहे तो. हे सर्वांना ठाऊक आहे. शिवकाळात किल्ल्याचा मुख्य अंमलदार हवालदार असे आणि किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात असत, एवढं लक्षात ठेवलं तर 'साधा हवालदार' असं तोंडातून निघणार नाही. 'नायब' म्हणजे दुय्यम, आणि 'नबाब' हा त्याच घराण्यातला शब्द, हेही गंमतीचं आहे. १९६५ पर्यंत या नायब सुभेदारालाच जमादार म्हणत. पण या सगळ्यांपेक्षा रसाळ शब्द आहे तो 'मेजर', ज्याच्याकडे परका म्हणून कुणी बघतच नाही.

'मेजर'चं लॅटिन मूळ 'मायोर'. 'माग्नुस' म्हणजे मोठा, 'मायोर' म्हणजे त्याहून मोठा. आता संस्कृतकडे या. 'महत्' म्हणजे मोठा, 'महीयस्' म्हणजे त्याहून मोठा. मूळ धातू एक, आणि 'त्याहून' हा भाव दाखवणारा प्रत्ययही एकच. 'अणोरणीयान् महतो महीयान्' म्हणताना आपण ज्या शब्दापाशी थांबतो, तो 'महीयान्' आणि खांद्यावर सिंह मिरवणारा 'मेजर' हे सख्खे चुलतभाऊ आहेत. लॅटिनमध्ये 'मायोर' वयाने मोठ्यालाही म्हणत. म्हणून मला विचाराल तर 'सुभेदार मेजर'चा अस्सल मराठी अर्थ 'थोरला सुभेदार'. थोरले बाजीराव म्हणतो तसा. 'प्रमुख', 'मुख्य', 'वरिष्ठ' असले कागदी शब्द सुचवणाऱ्यांनी 'थोरला'कडे पाठ का फिरवावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणजे या जोडनावात 'मेजर' हे मुळात पदच नाही, विशेषण आहे. पद सुभेदार. विशेषण ठेवून नाम गाळलं की काय होतं, ते युरोपने एकदा पाहिलेलं आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात तिकडच्या पलटणीत कर्नल, त्याखाली लेफ्टनंट कर्नल आणि तिसरा 'सार्जंट मेजर' असे. हा तिसरा माणूस चांगला मोठा अधिकारी होता. पुढे 'सार्जंट' गळला आणि नुसता 'मेजर' उरला. वरच्या पदांतही हेच झालं. इंग्लंडच्या १६४५च्या नव्या सैन्यात फिलिप स्किपन हा 'सार्जंट मेजर जनरल' होता. त्यातून आजचा मेजर जनरल आला. मेजर लेफ्टनंटाच्या वर, मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलच्या खाली कसा, हे कोडं पुष्कळांना पडतं. उत्तर त्या गळालेल्या सार्जंटात आहे. सार्जंट मेजर हा लेफ्टनंट जातीच्या हुद्द्याखालीच होता, आणि तो क्रम वर जसाच्या तसा राहिला.

आता माझं ठाम मत सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात फौजेतल्या कुठल्याही माणसाला 'मेजर' म्हणायची रीत आहे. याला 'अडाण्यांचा गोंधळ' म्हणणारे शुद्धिवादी मला अजिबात मान्य नाहीत. त्यांनी इतिहास पाहावा. पहिल्या महायुद्धापर्यंत लढाऊ पलटणीत हिंदी माणसाला गाठता येणारी शेवटची पायरी सुभेदार मेजर हीच होती. हिंदी मेजर तेव्हा गावाला दिसणार कुठून? दिसत होते हवालदार मेजर आणि सुभेदार मेजर, पेन्शन घेऊन घरी परतलेले. गावाने त्यांच्या हुद्द्याचं शेपूट धरलं आणि पुढचा भाग सोडला. गोऱ्या मेजराशी या हाकेचा काही संबंध नाही. इंग्रजांनी सार्जंट गाळला तर तो भाषेचा इतिहास, आणि आमच्या लोकांनी हवालदार गाळला तर अडाणीपणा, हा न्याय कुठला?

तरीही पत्रिकेत ते चालणार नाही. पारावरची हाक आपुलकीची असते, तिथे ऐकणाऱ्याला माणूस ओळखीचा असतो. छापील 'मेजर' वाचणारा परका माणूस मात्र त्यांना अधिकारी समजतो, आणि सुभेदार मेजरांनी अंगमेहनतीने कमावलेला हुद्दा पुसून उसना हुद्दा त्यांच्या माथी मारला जातो. यात मान वाढत नाही.

तेव्हा छापा: 'सुभेदार मेजर', मग नाव, मग कंसात 'निवृत्त'. 'निवृत्त' पदाच्या आधी नको. नुसतं 'सुभेदार' छापलंत तर एक हुद्दा खाली उतरवलात, तेही नको. हाक मारायची ती 'सुभेदार मेजर साहेब' किंवा नुसतं 'साहेब'. पलटणीतले तरुण अधिकारीसुद्धा हुद्द्याने वर असून त्यांना 'साहब' म्हणतात, तेव्हा आपल्याला अडचण नसावी. 'रामजी सुभेदार' या जुन्या धाटणीने नावापुढे हुद्दा जोडून त्यांच्याबद्दल बोललात तरी ते अस्सल मराठीच आहे. तोंडावर मात्र 'साहेब' हवं. हवालदारांना 'हवालदार' म्हणून पुढे आडनाव लावावं.

एक मात्र आधी विचारून घ्या. चांगल्या सेवेबद्दल प्रजासत्ताकदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी काहींना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो. तसं असेल तर 'सुभेदार मेजर (मानद कॅप्टन)' असं पूर्ण छापायला हवं.