स्पॅनिश क्रियापदांच्या रूपांचे सिलॅबल कसे तोडायचे आणि आघात कुठे द्यायचा? तक्ते पाठ केले तर पुरेल का?

नाही पुरणार. आणि 'तिल्दे (आघात दाखवणारी स्वरावरची तिरकी रेघ) म्हणजे नुसती सजावट, टाइप करताना गाळली तरी चालते' असं सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका.

पुण्यात एका कंपनीत मी मेक्सिकोच्या ग्राहकांचे मेल भाषांतरित करायचो. मेल एक्सेलमध्ये घेताना आमचे वरिष्ठ सगळ्या तिल्दे काढायला लावत. म्हणे, संदर्भावरून कळतं. एकदा मॉन्तेरेच्या ग्राहकाने मशीनच्या सुट्या भागाबद्दल एवढंच कळवलं: 'येगो एल लूनेस', आघात 'गो'वर. म्हणजे माल सोमवारी पोचला. तिल्दे उडाली, आघात 'ये'वर आला आणि अर्थ झाला 'मी सोमवारी येतोय'. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने समोर होतं त्याचं भाषांतर केलं. पाहुण्यासाठी हॉटेल बुक झालं, गाडी ठरली, आणि माल पोचल्याची नोंदच नसल्याने तोच भाग पुन्हा पाठवायची तयारीही सुरू झाली. मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली ती त्या सहकाऱ्याने. त्याचं व्याकरण चोख होतं, म्हणून मला ते अजून खुपतं. तीन शब्दांच्या ओळीत संदर्भ आणायचा कुठून?

असो. तोडताना आपण मराठी लोक हमखास अडकतो ते जोडाक्षरांपाशी. 'कान्तारा' लिहिलं की 'न्ता' एकत्र वाटतं. स्पॅनिशमध्ये ते कान-ता-रा. मधली दोन व्यंजनं फुटतात. फक्त प, ब, क, ग, फ यांच्यापुढे र किंवा ल, आणि त, द यांच्यापुढे र आला तर जोडी फुटत नाही, म्हणून 'मी बोलतो' हे आ-ब्लो. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात शेवटून दुसऱ्यावर, नाहीतर शेवटच्यावर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. रूप हा नियम मोडतं तिथे तिल्दे.

सगळ्यात अवघड 'एनबियार'सारखी क्रियापदं. 'मी पाठवतो' हे एन-बी-ओ, तीन सिलॅबल, आघात 'बी'वर. 'त्याने पाठवलं' हे एन-ब्यो, दोनच, आघात शेवटी. 'काम्बियार'चं मात्र 'मी बदलतो' हे काम-ब्यो, आघात 'काम'वर. कुठलं क्रियापद कोणासारखं चालतं हे पाठच करावं लागतं, तेवढ्यापुरते तक्ते हवेतच.

चॅटवर स्पॅनिश बोलणारे स्वतःही तिल्दे गाळतात, हे खरं. पण त्यांना शंका आली तर ते समोरच्याला लगेच विचारतात. तुमचे शिक्षक तिल्देचे मार्क कापत नसतील, तर त्यांना कापायला सांगा.