झोन ४३ की ४४? नकाशा-प्रक्षेपण आपोआप ठरवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याचे, म्हणजे नकाशा-प्रक्षेपणाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: दर वेळी हाताने सीआरएस (नकाशावरच्या आकड्यांची निर्देशांक-पद्धत) निवडायचा कंटाळा येतो, ते काम संगणकावरच सोपवले तर? जरूर सोपवा. पण संगणकाने ते प्रत्येक फाइलमागे ठरवायचे की सगळ्या कामासाठी एकदाच, हे मात्र तुम्ही सांगायचे. खालच्या निम्म्या अडचणी एवढ्याचमुळे आल्या आहेत.

अमरावतीहून प्रश्न : जिल्ह्यातल्या शेततळ्यांच्या तालुकावार शेपफाइली (नकाशातल्या आकारांच्या फाइली) आहेत, सगळ्या अक्षांश-रेखांशात. क्षेत्रफळ आणि ५०० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) काढायला पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक फाइलचा यूटीएम झोन (मीटरमधल्या मोजमापाचा सहा अंश रुंद उभा पट्टा) स्वतः शोधते. शेवटी सगळे एकत्र केले की वरूडची तळी थेट गुजरातेत दिसतात. सूत्र चुकले का?

उत्तर : सूत्र चुकलेले नसावे. रेखांशात १८० मिळवा, ६ने भागा, अपूर्णांक टाकून द्या आणि १ मिळवा, आला झोन. अमरावती शहर ७७.७५ अंशांवर, म्हणून झोन ४३. वरूड ७८.२७ अंशांवर, म्हणून झोन ४४. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि घोळ नेमका तिथेच आहे. झोन ४३ हा ७२ ते ७८ अंशांचा, मध्य रेखावृत्त ७५. झोन ४४ हा ७८ ते ८४ अंशांचा, मध्य रेखावृत्त ८१. ही ७८ अंशांची रेघ अमरावती, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या पोटातून जाते. पुसद एका झोनमध्ये तर यवतमाळ शहर दुसऱ्या.

दोन्ही झोनमध्ये मध्य रेखावृत्ताला ५,००,००० मीटर हाच पूर्व-निर्देशांक दिलेला असतो. वरूडचा झोन ४४ मधला आकडा साधारण २,१७,००० येतो. त्यावर झोन ४३ चे लेबल लागले की तो बिंदू सहाशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, भावनगरच्या दक्षिणेला खंभातच्या आखाताच्या किनाऱ्याशी जाऊन बसतो. तुम्हाला दिसतेय ते हेच.

जिओपांडाज (नकाशा-माहितीसाठीची पायथन लायब्ररी) दोन वेगळे सीआरएस मुकाट्याने जोडू देत नाही, त्रुटी दाखवते. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमध्ये वाटेत कुठेतरी सीआरएस गळला आहे. आकडे मधेच सीएसव्हीत लिहून परत वाचले, किंवा 'टू_सीआरएस'च्या जागी 'सेट_सीआरएस' वापरले, ही दोन ठिकाणे आधी पाहा. 'सेट' फक्त लेबल चिकटवतो. आकडे बदलतो तो 'टू'.

उपाय सोपा आहे. झोन फाइलमागे शोधू नका. जिल्ह्याची सीमा घेऊन एकदाच शोधा आणि तो सगळ्या तालुक्यांना लावा. अमरावतीसाठी ईपीएसजी ३२६४३ (ईपीएसजी ही सीआरएसची क्रमांकवार यादी; ३२६४३ हा झोन ४३ चा क्रमांक). वरूड त्या झोनच्या कडेबाहेर पाव अंश जाते, पण झोनची कड म्हणजे भिंत नव्हे. तिथे प्रमाण गुणक सुमारे १.००१ होतो, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर जास्त, आणि एक हेक्टरच्या तळ्यामागे वीसेक चौरस मीटर जास्त. ५०० मीटरच्या बफरला अर्ध्या मीटरचा फरक. कामाला पुरेसे आहे.

तेवढेही नको असेल तर क्षेत्रफळापुरते प्रक्षेपणच टाळा. पायप्रोज या पायथन लायब्ररीतल्या 'जिओड'ला अक्षांश-रेखांशातला बहुभुज द्या; ते लंबगोलावर (पृथ्वीच्या किंचित चपट्या आकारावर) थेट क्षेत्रफळ काढते. शेपफाइलमध्ये बाहेरची कडी घड्याळाच्या दिशेने असते, त्यामुळे उत्तर ऋण येते. घाबरू नका, शेपली लायब्ररीच्या 'ओरिएंट'ने कड्यांची दिशा आधी सरळ करून घ्या. आणि काही झाले तरी मोजमापासाठी ३८५७, म्हणजे वेब मर्केटर, वापरू नका. अमरावतीच्या अक्षांशावर त्यातला ५०० मीटरचा बफर जमिनीवर जेमतेम ४६५ मीटरचा असतो आणि क्षेत्रफळ पंधरा टक्के फुगते. पाठीमागे उपग्रहचित्र लावले की क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमधल्या प्रकल्पाचा सीआरएस बऱ्याचदा ३८५७ होऊन बसतो, हेही ध्यानात असू द्या.

पुण्याहून प्रश्न : राज्यातल्या गावांच्या बिंदूंवर जिओपांडाजचे 'एस्टिमेट_यूटीएम_सीआरएस' चालवले तर उत्तर ३२६३७ आले. झोन ३७ तर आफ्रिकेत आहे ना?

उत्तर : हो, आणि तुमच्या यादीतले एखादे गाव शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर आहे. जीपीएसची नोंद रिकामी राहिली की पुष्कळ फॉर्म तिथे ०, ० भरतात. ही आज्ञा सगळ्या माहितीला वेढणारा चौकोन काढते आणि त्याच्या मध्यबिंदूचा झोन देते. चौकोन ० पासून ८० अंशांपर्यंत ताणला गेला की मध्य चाळिशीत येतो, अक्षांश दहाच्या आसपास, म्हणजे इथियोपिया. हजारो गावांत एक बिंदू चुकीचा असला तरी पुरतो, कारण चौकोनाला बहुमत कळत नाही.

वाईट असे की पुढे काहीच अडत नाही. प्रोज (निर्देशांक बदलणारे सॉफ्टवेअर) ते रूपांतर बिनतक्रार करून देते, आणि नागपूरजवळची लांबी २५ टक्के जास्त, क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक येते. म्हणून आधी कुंपण घाला: रेखांश ७२.५ ते ८१ आणि अक्षांश १५.५ ते २२.२५ यांबाहेरचे बिंदू वेगळ्या फाइलीत काढा आणि ते डोळ्यांनी तपासा. मग उरलेल्यांच्या रेखांशांचा मध्यक घेऊन झोन काढा. मध्यक एखाद्या भरकटलेल्या बिंदूने हलत नाही. शेवटी एक ओळ अशी लिहा, की झोन ४३ किंवा ४४ नसेल तर स्क्रिप्ट थांबावी.

झोन ३४ आला तर आजार वेगळा आहे: अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल. मुंबई ७३ अक्षांश, १९ रेखांशावर गेली की ती नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पडते. ईपीएसजी ४३२६ च्या, म्हणजे जीपीएसच्या नेहमीच्या अक्षांश-रेखांशांच्या, अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो. प्रोज ६ आणि जीडाल (नकाशा-फाइली हाताळणारे सॉफ्टवेअर) ३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही सॉफ्टवेअर तो क्रम पाळतात. जुन्या स्क्रिप्ट नेमक्या इथे पडतात. पायप्रोजमध्ये 'ऑलवेज_एक्सवाय' चालू ठेवले की रेखांश आधी, हा जुना क्रम कायम राहतो.

नागपूरहून प्रश्न : संपूर्ण महाराष्ट्राचा एकच लेयर हवा आहे, दोन झोनची शिवण नको. लॅम्बर्टच्या शंकू-प्रक्षेपणाची प्रमाण अक्षवृत्ते (जिथे नकाशाचे प्रमाण अचूक असते) संगणकाने कशी ठरवावीत?

उत्तर : आधी आकार पाहा. प्रदेश पूर्व-पश्चिम पसरलेला असेल तर शंकू, उत्तर-दक्षिण उभा असेल तर ट्रान्सव्हर्स मर्केटर, साधारण गोल असेल तर मध्यबिंदूवर ठेवलेले दिगंशीय प्रक्षेपण. ही निवड चौकोनाच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तरावरून स्क्रिप्टला करता येते. फक्त रुंदीला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला विसरू नका. महाराष्ट्र शंकूत बसतो.

शंकूसाठी जुना आणि भरवशाचा नियम आहे एक षष्ठांशाचा. दक्षिणोत्तर पसाऱ्याचा सहावा भाग खालून वर आणि वरून खाली मोजायचा. राज्याची सीमा पाव अंशात बाहेरच्या बाजूला गोल करा: १५.५ ते २२.२५. पसारा ६.७५, सहावा भाग १.१२५. म्हणून प्रमाण अक्षवृत्ते १६.६२५ आणि २१.१२५. रेखांश ७२.५ ते ८१, त्यांचा मध्य ७६.७५. आता ईपीएसजी ७७६७ उघडून पाहा, महाराष्ट्रासाठी नोंदवलेले लॅम्बर्ट प्रक्षेपण. तिथे हेच तीन आकडे आहेत. म्हणजे या प्रदेशापुरते तुम्हाला काही नवे बनवायचेच नाही, ७७६७ वापरा.

विकृती किती? दोन प्रमाण अक्षवृत्तांच्या मधोमध किलोमीटरमागे सुमारे ७७ सेंटिमीटर कमी, राज्याच्या दक्षिण-उत्तर टोकांना सुमारे ९५ सेंटिमीटर जास्त. दोन झोन वापरले असते तर उणे ४० ते अधिक ८३ सेंटिमीटर. थोडे जास्त आहे, पण शिवण नाही. सगळे राज्य झोन ४३ मध्येच कोंबले असते तर गडचिरोलीत किलोमीटरमागे तीन मीटर चुकले असते.

काम क्षेत्रफळाचे असेल, उदाहरणार्थ जंगलाखालची जमीन किंवा पिकाखालचे क्षेत्र, तर लॅम्बर्टच्या शंकूऐवजी आल्बर्सचे समक्षेत्र प्रक्षेपण घ्या आणि हीच दोन अक्षवृत्ते द्या. लॅम्बर्टमध्ये आकार जपले जातात, पण क्षेत्रफळ उणे ०.१५ ते अधिक ०.१९ टक्के हलते; आल्बर्समध्ये हलत नाही. मूळ बिंदू आणि आकडे ऋण होऊ नयेत म्हणून मिळवायचे १०,००,००० मीटर यांनी विकृतीत काडीचाही फरक पडत नाही, तेव्हा त्यावर डोके शिणवू नका.

एक मात्र करा. हे पॅरामीटर राज्याच्या सीमेवरून काढा, त्या वर्षीच्या माहितीवरून नव्हे. नाहीतर यंदा सर्वेक्षण मेळघाटापर्यंत गेले म्हणून अक्षवृत्त सरकते आणि मागच्या वर्षीच्या लेयरशी जुळत नाही. एकदा आलेले आकडे स्क्रिप्टमध्ये स्थिर लिहा. स्वतःचे आल्बर्स केले असेल तर लेयर जिओपॅकेज या फाइल-प्रकारात ठेवा, म्हणजे व्याख्या फाइलीतच राहते. शेपफाइलची पीआरजे फाइल (सीआरएसची वेगळी फाइल) हटकून मागे राहते.

गोव्याच्या एका वाचकाचा असाच प्रश्न आहे. त्यांनी सरळ ३२६४३ घ्यावे. गोवा ७५ अंशांच्या रेघेपासून एक-सव्वा अंशात संपतो. चूक किलोमीटरमागे पाव मीटरच्या घरात.

साताऱ्याहून प्रश्न : एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या) उंचीवरून उतार काढला तर जवळजवळ सगळीकडे ८९ अंश येतो. घाट आहेत, पण इतके नाहीत!

उत्तर : आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये आहे. एक पिक्सेल ०.०००२८ 'एकक' रुंद आणि उंचीतला फरक दहा 'एकक'. संगणकाला कडाच दिसणार. रास्टर (पिक्सेलांची जाळी) आधी ३२६४३ मध्ये आणा आणि मगच उतार काढा. जीडालच्या उतार-आज्ञेला ११११२० हा गुणक देता येतो, पण साताऱ्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरचाच असतो, म्हणून पूर्व-पश्चिम उतार थोडा कमी दिसतो.

रूपांतर करताना पिक्सेलचा आकार जीडालवर सोडू नका. तो प्रत्येक टाइलला कर्णावरच्या पिक्सेलच्या हिशोबाने आकार देतो: एकीला २९.८७, शेजारणीला २९.९१ असे काहीतरी. मग जोडताना फटी पडतात. आधी सगळ्या टाइलांची एक व्हीआरटी (त्यांना जोडणारी आभासी फाइल) बनवा, मग एकदाच रूपांतर करा, आकार ३० मीटर द्या आणि '-टॅप' लावा, म्हणजे जाळी ३० च्या पटीत बसते. उंचीसाठी बायलिनियर (शेजारच्या मूल्यांची सरासरी), जमीन-वापराच्या वर्गांसाठी निअरेस्ट (सर्वांत जवळचे मूल्य). वर्गांना बायलिनियर लावले तर ३ आणि ५ च्या मधे ४ नावाचे जंगल उगवते.

रत्नागिरीहून प्रश्न : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांचे शेकडो स्कॅन आहेत. शीट क्रमांकावरून चारही कोपरे आपोआप बसवता येतील का? आणि हाताने बसवलेले नकाशे उपग्रहचित्रावर शंभरेक मीटर सरकलेले का दिसतात?

उत्तर : पहिल्याचे उत्तर हो. एक मोठा क्रमांक म्हणजे ४ अंशांचा चौकोन. ४७ हा ७२ ते ७६ पूर्व आणि १६ ते २० उत्तर. त्यात एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरायचे आणि मग पूर्वेच्या पुढच्या उभ्या रांगेत जायचे. प्रत्येक भागात याच क्रमाने पंधरा मिनिटांचे १ ते १६ चौकोन. अंकातून १ वजा करून ४ने भागा: भागाकार म्हणजे पूर्वेकडची रांग, बाकी म्हणजे वरून कितवा. ४७ एफ/१४ घ्या. एफ म्हणजे ७३ ते ७४ पूर्व, १८ ते १९ उत्तर. १४ वजा १ म्हणजे १३. भागाकार ३, बाकी १. तेव्हा ७३ अंश ४५ मिनिटे ते ७४ पूर्व, १८ अंश ३० मिनिटे ते ४५ मिनिटे उत्तर. पुणे शहराचा बराचसा भाग यातच येतो.

सरकण्याचे कारण प्रक्षेपण नाही, डेटम (पृथ्वीचा कोणता आकार कुठे बसवून मोजले ते) आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आणि पॉलिकोनिक प्रक्षेपणात आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सीरीज (सर्वांसाठी खुले नकाशे) डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) आणि यूटीएममध्ये येते. जुने कोपरे ४३२६ समजून बसवले की महाराष्ट्रात नकाशा शंभर ते दोनशे मीटर आग्नेयेकडे पडतो. कोपऱ्यांना सीआरएस द्या ईपीएसजी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, आणि मग रूपांतर करा. क्यूजीआयएस रूपांतरांची यादी दाखवेल. त्यात 'बॉलपार्क' लिहिलेले निवडलेत तर डेटम हलतच नाही. २९५, ७३६, २५७ मीटर हे सरकवणीचे आकडे असलेले निवडा. त्यानंतरही दहा-वीस मीटरचा फरक राहू शकतो. तो काढायला शीटवरचे न बदललेले चार-पाच ठिपके लागतात: रेल्वे पूल, किल्ल्याचा बुरूज, त्रिकोणमिती केंद्र. रस्त्यांचे चौक घेऊ नका, ते रुंदीकरणात हललेले असतात.